सरळ घेराचा फ्रॉक

ठकीला आज कुबड्यांशिवाय उभं करणार होते, म्हणून तिच्या आईने मुद्दाम नवा फ्रॉक शिवला होता. निळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. अर्ध्या गल्लीचे कपडे आईच्या मशीनखालून जायचे, पण या फ्रॉकइतकं जपून तिने कधी काही शिवलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने ठकीचा घेर सरळ धरला होता.

ठकी पाच वर्षांची असताना तिचा फ्रॉक डावीकडे लोंबायला लागला. कापडच ओढ खातंय, असं समजून आईने तिथली दुमड एक बोट जास्त घेतली. पुढच्या फ्रॉकला दोन बोटं. फ्रॉक असा बेमालूम बसायचा की पोरीची कंबर कलली आहे, हे कुणाच्या लक्षातच येईना. पोर गुडघा दुखतो म्हणायची, आई तेल चोळायची.

नणंदेने एकदा हटकलं होतं. "वहिनी, ही लंगडतेय हो."

"लंगडतेय कसली वन्सं, नखरे आहेत मेलीचे! घेर बघा की, कसा पातळीत आहे."

पुढे पोर भिंत धरून चालायला लागली, तेव्हा धावाधाव झाली. दुखणं गुडघ्याचं नव्हतंच, खुब्याचं होतं. मांडीचं हाड कापून, वळवून, धातूची पट्टी नि स्क्रू घालून बसवलं. छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर. सात आठवडे पोर फळीसारखी पडून होती, पण तोंड मात्र चालू. प्लास्टर कापणारे मामा म्हणाले, "काय ठकूताई, आत उंदीर पाळलेत का?" तर म्हणाली, "दोन. एक चावरा आहे, हात सांभाळा." मग दोन महिने व्यायाम, रडारड, कुबड्या.

आणि आजचा हा दिवस.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. बराच वेळ धरला. "हाड जुळलंय. पण खुब्याचा गोळा आधीच चपटा झाला होता, तो काही गोल होत नाही. पाय आखूड राहणार, बाई. वर्षभर आधी आणली असती तर... तुम्ही सहा महिने म्हणाला होतात ना? नक्की कधीपासून?"

आईला महिना ठाऊक होता. कोणत्या फ्रॉकपासून, तेही ठाऊक होतं.

"दोन वर्षं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी ठकीच्या कुबड्या काढून घेतल्या.

ठकी उभी राहिली. निळा घेर डावीकडे उतरला.

"आई, तू वाकडा शिवलास," ती खाली बघत म्हणाली.

"हो गं बाळा. माझंच चुकलं."

आई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. हात सवयीने घेराकडे गेला. तीन बोटं भरली.

ठकीने तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि कानात म्हणाली, "घरी गेल्यावर दुमडून दे. मग कुणाला कळणार नाही."