‘मी’ लिहिलेला फाटा

हवामास्तरांनी माळ्यावर पालथं पडून पत्र्याच्या डक्टला कान लावला आणि बोटानं तीनदा टिचकी मारली. खाली शिडी धरून उभे असलेले घरमालक लगेच म्हणाले,

“सापडलं?”

“शोधतोय, साहेब. डक्ट कुठे पळून जात नाहीत.”

हवामास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं आता त्यांना फक्त बँकेतून फोन येत. घर गार किंवा उबदार ठेवणाऱ्या मशीनची हवा खोल्याखोल्यांत नेणारे डक्ट, म्हणजे पत्र्याची नळकांडी, निवडून देणं, बसवणं, साफ करणं आणि गळती शोधणं, हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं होतं. गेल्या आठवड्यात या घरातून फोन आला होता की डक्टमधून शीळ ऐकू येते. रोज, पावणेपाचला. “मशीनला घड्याळ कळत नाही, साहेब,” असं म्हणून मास्तर हसले होते. पलीकडचा माणूस हसला नव्हता, आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

तसे ते भुताखेतांना भिणारे नव्हते. आजवरच्या धंद्यात त्यांना सात भुतं भेटली होती. त्यातले तीन उंदीर निघाले, तीन सैल स्क्रू, आणि सातवी एका घरमालकाची सासू. ती वरच्या मजल्यावर जावयाबद्दल जे काही बोले ते डक्टमधून थेट जावयाच्या उशाशी उतरे. तिथे मास्तरांनी डक्ट बदलून एक संसार वाचवला होता, असं ते स्वतःच सांगत.

त्यांनी विजेरी फिरवली. मशीनपासून निघालेला मोठा डक्ट आणि त्याला फुटलेले चार फाटे. प्रत्येक फाट्यावर काळ्या मार्करनं, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं. ‘स्वयंपाकघर’. ‘बैठक’. ‘आई-बाबा (घोरणं इथून ऐकू येतं)’. आणि चौथ्यावर नुसतं ‘मी’.

मास्तरांना हसू आलं. जो कोणी पोरगा होता त्यानं काम चोख केलं होतं. पगार घेणारे कारागीरसुद्धा फाट्यांवर नावं लिहीत नाहीत. मग त्यांची नजर झडपांच्या दांड्यांवर गेली. पहिले तीन दांडे डक्टच्या रेषेत होते, म्हणजे झडपा उघड्या. ‘मी’चा दांडा आडवा होता.

“काखेत कळसा,” ते पुटपुटले आणि मोठ्यानं म्हणाले, “साहेब, चौथ्या खोलीची झडप कुणीतरी बंद केलीय. चार खोल्यांची हवा तुम्ही तीन खोल्यांत कोंबताय. ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आलं की मशीन पूर्ण वेग घेतं, आणि मग हवा या झडपेच्या कडेनं जागा काढून निसटते. तीच तुमची शीळ. पावणेपाच म्हणजे उन्हाची वेळ, बाकी काही नाही.”

शिडी करकरली. घरमालक धापा टाकत वर आले आणि गुडघ्यांवर बसले.

“हळू बोला. बायको खाली आहे.”

“बरं.”

“झडप कुणी बंद केली, हे सांगायलाच हवं का?”

“मला नका सांगू. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मी उघडली आणि कुणी परत बंद केली, तर परत वाजेल.”

घरमालकांनी त्या आडव्या दांड्याकडे बोट केलं.

“मीच केली. मुलगा गेला त्याला दोन वर्षं झाली. कॉलेजातून घरी येत होता, गल्लीच्या तोंडाशीच ट्रकखाली आला.” त्यांनी ते एका दमात सांगितलं, पुष्कळदा सांगून झाल्यासारखं. पुढचं मात्र अडखळत आलं. “त्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असतं. खालून गार हवा यायची. तिथून जाताना पावलांना लागायची. मशीनची हवा आहे, मला कळत होतं हो. पायांना कळत नव्हतं. महिनाभर सहन केलं. मग एक दिवस वर आलो. हे वाचलं,” त्यांनी ‘मी’वर बोट ठेवलं, “आणि तरीही दांडा फिरवला.”

मास्तरांनी विजेरी खाली वळवली.

“चार दिवसांनी शीळ सुरू झाली. तो तशीच घालायचा, याच वेळेला कॉलेजातून येताना, फाटकापासून. दोन सूर. ही उठली आणि जाऊन दार उघडलं. मला वाटलं, एक-दोन दिवस करेल. मग रोजचंच झालं. थंडीत शीळ थांबली, तर म्हणाली, परीक्षा असतील. उन्हाळ्यात परत सुरू झाली. आता मुलीचं बाळंतपण तोंडावर आलंय, तिकडे जायला हवं. पोरगी फोनवर रडते. आणि ही म्हणते, मी गेले तर पावणेपाचला दार कोण उघडेल?” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “बंद करा ती शीळ. माझ्याच्यानं ऐकवत नाही. पण मी झडप बंद केली होती, हे तिला कळू देऊ नका.”

मास्तरांनी धंद्यातलं बोलणं काढलं. तेवढंच त्यांना येत होतं.

“वाटलं तर हा फाटाच बदलून देतो. पत्रा टिकतो, आतून साफ करता येतो, पण चहाडखोर असतो, इकडचं तिकडे करतो. अस्तराचा मऊ डक्ट घातला तर आवाज गिळेल. धूळही गिळून बसतो, ते वेगळं. पण तुम्हाला शांतता हवीय ना?”

“तोच घाला.”

मास्तरांनी कातरी काढली आणि पत्र्याला लावली. घरमालकांचा हात मध्ये आला. तो ‘मी’वर पालथा पडला होता.

“नको. पत्राच राहू दे.”

मग मास्तरांनी फाट्याचे सांधे चंदेरी टेपनं नीट बंद केले, झडपेच्या बिजागरीला तेल दिलं आणि दांडा सरळ केला. खाली कुठेतरी हलकेच ‘हुं’ असा आवाज झाला. माणूस झोपेत कुशीवर वळताना करतो तसा. डक्टमध्ये पहिल्यांदा हवा शिरली की पत्रा फुगतो आणि बोलतो, हे मास्तरांना पाठ होतं.

खोलीत हवा सोडणारी जाळी साफ करायला म्हणून ते खाली उतरले, तर बाई दाराशी उभ्या होत्या. कृश, नीटनेटक्या, हातात ओला कपडा. त्यांनीच दार ढकलून दिलं.

“कडी पहिल्यापासून लागत नाही या दाराची,” त्या म्हणाल्या. “या, भाऊ.”

आत पलंग, टेबल, खुंटीवर रॅकेट आणि एक रिकामी सॅक. कुठे धूळ नव्हती. मास्तर स्टुलावर चढून जाळीचे स्क्रू काढू लागले. बाई खाली हात वर करून थांबल्या, आणि एकेक स्क्रू त्यांनी तळहातावर घेतला.

“शीळ बंद होणार का आज?”

“होईल, वहिनी. हवा अडली की वाजते. वाट दिली की गप्प बसते.”

“तोही तसाच. दार बंद असलं तरच शीळ घालायचा. किल्ली कधी नेली नाही. म्हणायचा, आई आहे ना घरात.” हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, शेजारच्या मुलाबद्दल सांगावं तसं. “यांना वाटतं, मला वेड लागलंय. मला कळतं, मशीन वाजतं ते. पण भाऊ, मशीन इतकी वर्षं होतं. आधी का नाही वाजलं?”

मास्तरांच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि जाळीवर ब्रश फिरवत राहिले. सव्वीस वर्षांत इतकी स्वच्छ जाळी त्यांनी इतका वेळ घासली नव्हती.

“एक सांगून ठेवतो,” उतरताना ते म्हणाले. “आता या खोलीत परत हवा येईल. हवा आत भरली की दाराला बाहेरच्या बाजूला रेटते. हे दार आत उघडतं, त्यामुळे ते चौकटीवर दाबून बसेल. अर्धवट उघडं राहिलं तर धाडकन आपटेल. तेव्हा दचकू नका.”

“म्हणजे आतून उघडायला जोर लागेल?”

“लागेल थोडा.”

बाईंनी मान हलवली. हे कुणालातरी सांगून ठेवायला हवं, अशी.

साडेचार वाजून गेले होते. मास्तरांनी दार ओढून घेतलं आणि टिश्यू कागदाची वीतभर पट्टी फाडून दाराच्या फटीसमोर चौकटीला चिकटवली. हवा कुठून कुठे जाते हे बघायची त्यांची ही जुनी रीत. महागडं मीटर पेटीत होतं, पण गिऱ्हाइकाला आकड्यांपेक्षा कागद पटतो. पट्टी थरथरली आणि फटीपासून बाहेरच्या बाजूला आडवी तरंगू लागली.

“आतली हवा बाहेर येतेय,” मास्तर घरमालकांना म्हणाले. “जशी यायला हवी तशी.”

भिंतीवरचं ऊन सरकलं. बाई रोजच्यासारख्या बाहेरच्या दाराजवळ खुर्चीवर जाऊन बसल्या, तिथून त्यांना खोलीचं दारही दिसत होतं. घरमालक मध्येच उभे, कुणाकडे बघावं ते न कळून. पावणेपाचला मशीननं वेग घेतला. जाळ्या सळसळल्या. पट्टी ताठ झाली आणि फडफडू लागली.

शीळ आली नाही.

चार मिनिटं गेली, मग आणखी चार. घरमालकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मास्तरांचा हात धरून दाबला आणि लगेच सोडला.

“बघ,” ते बायकोला म्हणाले. “मशीनच होतं गं. नाही आली आज.”

“ऐकतेय मी.”

“मग?”

बाई उठल्या. बाहेरचं दार न उघडताच त्या परत फिरल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर घाई दिसली.

“मुलीला फोन लावा. उद्याच निघू. मी उगाच अडून बसले होते.”

“खरंच येशील?”

“आता का नाही? दार बंद असलं तर तो शीळ घालतो. आज घातली नाही. आत आलाय तो.”

घरमालक हसायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. कारण नेमकं तेव्हा खोलीचं दार उघडलं. आपटलं नाही, करकरलं नाही. सावकाश, आतल्या बाजूला, हातभर सरकलं आणि तिथेच राहिलं. फटीतून पलंगाचा कोपरा आणि खुंटीवरची सॅक दिसत होती. बाकी काही नाही.

“मास्तर,” घरमालक हळूच म्हणाले. ते स्वतःच्या पावलांकडे बघत होते. “हवेनंच ना?”

मास्तर पट्टीकडे बघत होते. पट्टी अजूनही बाहेरच्या बाजूला ताठ आडवी होती. आतली हवा पूर्ण जोरानं बाहेर येत होती, दाराला चौकटीकडे रेटत होती, आणि दार तिच्या तोंडावर हातभर उघडं होतं. हलत नव्हतं, आपटतही नव्हतं. असं राहण्यासाठी ते आतून कुणीतरी धरावं लागतं, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं.

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. एकदाच.

“हवेनंच,” मास्तर म्हणाले. “नवीन हवा आहे. दोन दिवस असं होईल, मग बसेल आपोआप.”

“बरं,” घरमालक म्हणाले, आणि सुटका झाल्यासारखे फोन शोधायला गेले. बाई कपाटावरची बॅग काढू लागल्या. काढता काढता त्यांनी मागे न बघता खोलीच्या दिशेनं सांगितलं, “आम्ही दोन महिने नाही आहोत. नीट राहा.”

हवामास्तरांनी कातरी, ब्रश, टेप, मीटर एकेक करून पेटीत ठेवलं आणि बूट घातले. कागदाची पट्टी तेवढी तिथेच फडफडत राहिली. ती काढायला दारापर्यंत जावं लागलं असतं.