पुढे पळायचं नाही

बाईंनी टेबलामागची खुर्ची ओढत बाकांच्या मधोमध आणली, बसल्या आणि हात पुढे केला. वकिणीनं कादंबरी त्यांच्या हातावर ठेवली. कुठल्याही गोष्टीवर वाद घालते म्हणून नववीचा सगळा वर्ग तिला वकीण म्हणे. शुक्रवारी तिनंच बाईंची प्रत मागून नेली होती. एक कमी पडतेय, म्हणाली होती. कमी पडत नव्हती, हे बाईंना ठाऊक होतं. पण कधी नव्हे ती मुलगी नजर चुकवत होती, म्हणून त्यांनी मुकाट्यानं दिली.

मुलांच्या वयाच्या कादंबऱ्या बाई मुलांबरोबरच वाचत. स्वतः आधी वाचून ठेवायचं आणि मग साळसूदपणे 'आता काय होईल बरं?' विचारायचं, ही त्यांना लबाडी वाटे. थोडं वर्गात, एक प्रकरण सुट्टीत घरी. पुढे पळायचं नाही, बाईंनीही नाही. गणिताचे सर चिडवायचे, "केस पिकले आणि वाचताय काय, तर पोरांच्या गोष्टी."

या गोष्टीत बहीण-भाऊ मिळून सायकलचं दुकान चालवत होते. भाऊ मोठा वात्रट. त्याच्या एका उचापतीवर बाई खळखळून हसल्या होत्या. "धाकटे असेच," म्हणाल्या आणि नंतर बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना रोज स्कूटरवरून शाळेच्या फाटकाशी सोडायचा. वर्षभरापासून त्या पायी येत होत्या. वर्गात याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"घरचं प्रकरण माझं राहिलंय," बाई म्हणाल्या.

"आमचंही. आज मोठ्यानं वाचू या," वकीण म्हणाली आणि सुरू झाली.

पहिल्याच पानावर भाऊ आजारी पडला. बाईंनी पान उलटलं नाही. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून त्या ऐकत राहिल्या. वकीण थांबली तशी शेजारच्या मुलीनं पुढची ओळ उचलली, मग खिडकीजवळच्या मुलानं. कुणी कुणाला खूण केली नाही. दवाखान्यातला प्रसंग मागच्या बाकावरच्या मुलाकडे आला. तो एरवी हजेरी देतानाही अडखळायचा. आज एकेक शब्द सावकाश, नीट ठेवत त्यानं गोष्टीतल्या भावाला शेवटच्या श्वासापर्यंत नेलं. एवढं एका वाचनात जमत नाही. शनिवार-रविवार ही पोरं काय करत होती, ते बाईंना तेव्हा कळलं.

बाईंनी चष्मा काढला. डोळे पुसले, कुणापासून न लपवता.

"पुढे कोण पळालं होतं?"

"मी," वकीण उभी राहिली. "आधी मी एकटीच. मग वाटलं, हे तुम्ही घरी एकट्यानं वाचू नये. म्हणून सगळ्यांना सांगितलं."

या मुलांना आपण काय शिकवतो, असं कुणी विचारलं असतं तर त्या क्षणी बाईंना सांगता आलं नसतं.

"बस," त्या हळूच म्हणाल्या. "आणि पुढच्या प्रकरणात?"

वकीण आज वाद न घालता बसली.

"त्यात बहीण दुकान उघडते. ते तुम्ही घरी वाचलंत तरी चालेल, बाई."