पाहणीच्या दिवशी चकचकीत मळा

देव सगळ्यांना दोन हात देतो. काही बायकांना मात्र तो तिसराही देतो, आणि त्यात खराटा असतो. फुलवाल्याची आई त्यातलीच.

साथीत लग्नं थांबली, बाजार बंद पडले आणि शेवंतीचा अख्खा मळा झाडावरच काळा पडला. सरकारने फुलशेतीला मदत जाहीर केली. अट एकच : साहेब शुक्रवारी येऊन नासलेलं पीक डोळ्यांनी पाहणार. रोपवाटिकेवाला म्हणाला होता, "मंजुरीचा कागद दाखव, रोपं राखून ठेवतो. पण सोमवारपर्यंतच." कागद नाही तर रोपं नाहीत, आणि रोपं नाहीत तर वर्षभर मळ्यात नुसती माती. इतका साधा हिशेब.

फुलवाल्याचा गुरुवारचा दिवस कचेरीत अर्ज भरण्यात गेला. घरी परतला तो अंधार पडल्यावर. शुक्रवारी सकाळी साहेबांना घेऊन तो मळ्यात शिरला आणि जागीच थिजला. वाफे रेखीव, वाटेवर पाणी शिंपडलेलं, आणि काळं फूल औषधालाही नाही!

"आई! फुलं कुठे गेली?"

"काढली की. काल मी आणि सूनबाईने मिळून," आई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "सरकारी माणूस दारात येणार आणि आपण त्याला कुजका कचरा दाखवायचा?"

"अगं, तो कचरा बघायलाच आलेत ते!"

"मी म्हटलं होतं, यांना विचारूया," बायको हळूच म्हणाली. "तर आई म्हणाल्या, त्याला काय कळतंय."

साहेबांनी मास्क उगाचच डोळ्यांपर्यंत ओढला. "आजी, महिनाभरात इतका देखणा मळा पाहिला नाही. पण नुकसान काय लिहू? शून्य?"

म्हातारीचा चेहरा पडला. "मागच्या खड्ड्यात आहेत सगळी. परत पसरते, बाळा. अर्ध्या तासात!"

सून टोपली घेऊन धावलीसुद्धा. फुलवाल्याने हात आडवा घातला.

"नको. घडलं ते खरं होतं. आता मांडलं तर ते खोटं होईल."

बोलून बसला आणि मग त्याला सोमवार आठवला. पण सत्य बोलणाऱ्याला देव वाऱ्यावर सोडत नाही म्हणतात. सोडतो कधीकधी, पण दोरी हातात ठेवून.

साहेब खड्ड्यापाशी गेले, काठीने फुलं उलटीपालटी केली, नाक दाबून मागे आले. मग वाफ्यात उकिडवे बसले. प्रत्येक झाड एकाच उंचीवर खुडलेलं, देठ अजून ओले.

"हे कोणी खुडलं?"

"मीच. ओरबाडलेलं मला खपत नाही," आई पुटपुटली.

"आजी, दुसऱ्यांच्या मळ्यात सडका चिखल असतो, तिथे मी अंदाजाने लिहितो. इथे देठ न देठ मोजता येतोय."

एका वाफ्यातले देठ मोजून त्यांनी वाफ्यांनी गुणले, खड्ड्याचा फोटो काढला, मंजुरीच्या कागदावर सही ठोकली.

"बघ! म्हटलं नव्हतं?" आईचा आवाज एकदम परत आला.

फुलवाल्याने वर आकाशाला हात जोडले, मग आईला, आणि कागद खिशात घालून सायकलवर टांग टाकली. सोमवारची वाट बघतंय कोण!

"पिवळी आणा हो!" बायको ओरडली.

"पांढरी आण रे!" आई तिच्याहून मोठ्याने ओरडली.

तो जोरजोरात घंटी वाजवत निघाला. काहीच ऐकू आलं नाही म्हणायला बरं.