रुसलेलं आतडं

मोंघीबेनच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ दुर्बिणीने काढली. पोटावर राहिले ते चार-पाच बारीक छेद. जरा बरं वाटताच त्यांनी ते विहीणबाईंना कौतुकाने दाखवले. विहीणबाई म्हणजे गोंडलच्या लाभुबेन, सुनेची आई. त्यांचीही अशीच गाठ काही वर्षांपूर्वी निघाली होती, पण अख्खं पोट उघडून.

"तुमचं सगळं जुन्या पद्धतीचं," मोंघीबेन म्हणाल्या. "मी उद्या-परवा बाजरीचा रोटला खाते की नाही बघा."

लाभुबेननी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

रोटला राहिला बाजूला, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. वारा सरेना, पाण्याचा घोटही उलटून पडे. डॉक्टर सावलियांनी स्कॅन करून घेतला. आतला जोड शाबूत होता. मग नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं आणि खाणंपिणं बंद.

"पण माझं तर दुर्बिणीचं होतं," मोंघीबेन रडवेल्या झाल्या.

"दुर्बिणीने केलं की आतडं बहुधा लवकर जागं होतं, बा," डॉक्टर म्हणाले. "पण आत कापून जोडलंय ते तसंच. एखाद्याचं रुसून बसतं. चालत राहा, येईल ताळ्यावर."

आता विहीणबाई उट्टं काढणार, असं मोंघीबेनना वाटलं. लाभुबेन आल्या त्या थेट खाटेपाशी.

"उठा. हात धरा माझा."

"नाकात नळी घेऊन? लोक बघतील."

"माझ्या नाकात दोनदा होती. एकदा ऑपरेशननंतर, आणि पुढे आतडी चिकटून अडकली तेव्हा परत. चला."

सलाईनचा दांडा ढकलत दोघी व्हरांड्यातून निघाल्या.

"तुमचा मुलगा रोज सकाळी माझ्या मुलीला चहा करून देतो, ठाऊक आहे?" लाभुबेननी विचारलं.

"माझा धीरू? त्याला गॅस पेटवता येत नाही."

"पेटवतो की. भांडीही घासतो, तुम्ही देवळात गेलात की."

मोंघीबेनना हसू आवरेना. टाके दुखू नयेत म्हणून पोट दाबून त्या भिंतीला टेकल्या, आणि तेवढ्यात वारा सरला. चांगला दणदणीत. त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"सिस्टर," लाभुबेननी शांतपणे हाक मारली, "आमचं काम झालं."

बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "बेन, मलाही जरा फिरवून आणता का?"

नळी निघाली, मुगाचं पाणी आलं. मोंघीबेननी वाटी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही.

"आधी तुझ्या आईला गरम गाठिया आण," त्या सुनेला म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी चालतेय बिचारी."