गोदामातली बायजा

मुलांनो, जरा मनात आणा. एक वस्ती आहे. तिथे घरांवर नावं नाहीत, नुसते लांबलचक आकडे. नाक्यावर एक माणूस बसलेला असतो. त्याला नाव सांगितलं की तो घराचा आकडा सांगतो. त्याला ठाऊक नसलं, तर तो तुमच्यासाठी पलीकडच्या वस्तीत जातो आणि विचारून येतो. आता ठरवायच्या गोष्टी दोनच. त्याने कोणाकोणासाठी अशी पायपीट करायची? आणि त्याच्या डोक्यातले आकडे बदलायची मुभा कोणाला द्यायची? दिसला ना तो माणूस? मग मंजुळाची गोष्ट तुम्हाला कळेल.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणारी एक कंपनी होती. तिच्या कॉम्प्युटर खात्यात मंजुळा कामाला होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून यायची. घरात कमावणारी ती एकटीच. नाक्यावरच्या त्या माणसाचं काम करणारा एक कॉम्प्युटर खात्यात होता. सगळे त्याला डीएनएस सर्व्हर म्हणायचे, आणि तो मंजुळाच्या ताब्यात होता.

कंपनीचं मोठं ऑफिस ठाण्याला, वर्तकनगरात. तिथल्या कर्णिकसाहेबांनी कळवलं होतं, "शनिवारी आम्ही इथूनच लाइनवरून तुमचं काम तपासणार. नीट निघालं तर खातं डोंबिवलीत राहील. नाहीतर मशीन ठाण्याला येतील आणि माणसांना कायमची रजा." त्याआधी दोन सेटिंग नीट करायला सांगितली होती.

पहिलं मंजुळाने मन लावून केलं. तोवर सर्व्हर कोणाही परक्यासाठी बाहेर विचारायला धावत होता. आता तो फक्त कंपनीच्या मशीनसाठी जाणार होता. परक्याने कंपनीतलं नाव विचारलं तर आकडा सांगायचा, बाकीच्याला नकार.

दुसरं मात्र राहिलं. प्रत्येक मशीन चालू होताना आपलं नाव आणि आकडा स्वतःच सर्व्हरला कळवायची, आणि सर्व्हर ते मुकाट्याने मान्य करायचा. ते बंद करायचं तर सगळे आकडे हाताने भरावे लागणार. 'शनिवार पार पडू दे, मग बसते,' असं ती म्हणाली.

मशीनना नावं ठेवायचे धाकूकाका, खात्यातले सर्वांत जुने ऑपरेटर. सगळे हिशेब, सगळे रिपोर्ट ठेवणारी मोठी मशीन म्हणजे बायजा. ती थकली, नवी आली, तर काकांनी नवीचंही नाव बायजाच ठेवलं.

"काका, दुसरं ठेवा की," मंजुळा म्हणाली होती.

"का गो? आमचे घरान म्हातारी गेली का नातीला तिचाच नाव ठेवतान. नाव घरान रहाला पायजे."

मंजुळाच्या घरीही तीच रीत. तिची मुलगी शकू हिलाही पणजीचं नाव होतं. मंजुळाला ते पटलं. फक्त एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. जुनी बायजा गेली नव्हती. तिला गोदामात नेऊन ठेवलं होतं, आणि तिथली वायर खात्याशी जोडलेलीच होती.

मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून शनिवारी शकू आईबरोबर आली. खात्यात सगळे घाईत. कंटाळून ती गोदाम सांभाळणाऱ्या भगवानकाकांकडे गेली.

"काका, ह्या जुन्या मशीनमध्ये पत्त्यांचा खेळ आहे?"

"असतील. बघ चालू होते का म्हातारी. पण गडबड नको हां, आज साहेबांची परीक्षा आहे!"

शकूने बटण दाबलं. म्हातारी घरघरली, जागी झाली, आणि तिने रोजच्या सवयीने सर्व्हरला कळवलं की बायजा म्हणजे मी, आणि हा माझा आकडा. सर्व्हरने नव्या बायजाचा आकडा पुसून तो लिहून घेतला.

थोड्या वेळाने ठाण्याहून फोन आला.

"मंजुळाबाई, तुमच्या बायजात एकही रिपोर्ट नाही. रिकामी आहे हो!"

"असं कसं होईल, साहेब? माझ्यासमोर बायजाच्याच पडद्यावर सगळे दिसताहेत."

तिने सर्व्हरला विचारलं. बायजाचा आकडा निघाला गोदामातल्या जुन्या मशीनचा. ती धावत गोदामात गेली. पडद्यावर पत्ते मांडलेले, आणि समोर शकू.

मंजुळा पुढे झाली. मशीन बंद केली, परत आली, आणि ठेवून दिलेलं दुसरं सेटिंग बसवलं. आता तिच्याशिवाय कोणीही आकडा बदलू शकणार नव्हतं. नव्या बायजाचा खरा आकडा हाताने भरला, पुन्हा पुन्हा विचारून पाहिला. उत्तर बरोबर येत होतं.

"साहेब, आता बघा."

"अजून रिकामीच आहे."

मग तिला उमगलं. ठाण्याच्या सर्व्हरने आधी मिळालेलं उत्तर जपून ठेवलं होतं, आणि ते दिवसभर तसंच राहणार होतं. किती वेळ जपायचं हेही तिनेच पूर्वी ठरवून दिलेलं.

"साहेब, तुमच्याकडचं जुनं उत्तर तेवढं पुसा ना. लगेच दिसेल."

"बाई, वर कळवून झालं. बुधवारी मशीन न्यायला टेम्पो येईल." साहेबांचा आवाज चिडका नव्हता, उलट थोडा अवघडलेलाच होता. "झालं काय नेमकं?"

दारात शकू उभी होती. मंजुळाने तिच्याकडे पाहिलं.

"दार मी उघडं ठेवलं होतं, साहेब. आत कोणीही आलं असतं. चूक माझीच."

"असू दे. आता एक करा. तुमची दोन्ही सेटिंग वाचून दाखवा, इथे बसवायची आहेत."

मंजुळाने रिसीव्हर खांद्यात धरला आणि पडद्यावरची एकेक ओळ सावकाश वाचू लागली. पलीकडून टायपिंगचा आवाज येत होता. धाकूकाका खुर्चीत बसून राहिले होते.

शकू पुढे आली. तिने आईच्या खांद्यातून रिसीव्हर काढून घेतला.

"काका, जुनी मशीन मी चालू केली. मला कोणी नाही म्हटलं नव्हतं."

"बरं बाळ. आईला दे फोन."

शकूने फोन ठेवून दिला. आईच्या पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून भाकरी आणि सुकट तिच्यासमोर सरकवलं. फोन पुन्हा वाजायला लागला. मंजुळाने हात पुढे केला, पण शकूने आधी उचलला.

"आई जेवतेय," ती म्हणाली, आणि रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला.