केसांचं अस्तर

माझी बायको नासारिया गेल्याच्या सातव्या दिवशी तिची थोरली बहीण बासिलिया माहेरच्या बेटावरून आली. आधी होडी, मग बस, मग चार तास पायी. तिने दारात बोचकं ठेवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळलास इलारियो. चूल तरी पेटते का या घरात?"

"येनी पेटवते," मी म्हणालो.

येनी आमची एकुलती एक मुलगी. शहरात शिवणकाम करते. आईच्या दुखण्यात आली ती अजून परत गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आठवा होता. आठव्याला आमच्या गावात गेलेल्या माणसाचे कपडे नदीवर नेऊन धुतात. चांगले असतील ते नातेवाईक घेतात, रोजच्या अंगावरचे जाळतात. जे आगीत जातं ते त्याला पोचतं. कपड्यांबरोबर फणी, टकळी, चपला जातात आणि केसही. मेल्यावर माणसाला आपले केस जिथे जिथे पडले तिथे तिथे जाऊन गोळा करावे लागतात, त्याशिवाय पुढची वाट मिळत नाही. म्हणून आमच्या बायका गुंतवळ फेकत नाहीत. नासारियाने चाळीस वर्षांची गुंतवळ तीन पिशव्यांत भरून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिने तो कोनाडा मला करायला लावला होता.

बासिलिया आली त्याच दुपारी मेलितोन आला. तो माझा कोंपाद्रे, येनीचा धर्मपिता. आठव्याचं सगळं तोच करणार होता. अंगणात सामान मांडलेलं होतं. त्याने कोकाची पानं गालात धरली आणि एकेक वस्तू विचारायला लागला.

"केस?"

"तीन पिशव्या."

"उशीवरचे?"

"मी झाडून घेतले," येनी म्हणाली.

"आणि मडक्यातले?"

हा प्रश्न खरा होता. आम्ही कुंभार. माती मी खणून आणायचो, पण तुडवायची नासारिया. वाकून तुडवताना, मळताना तिचे केस मातीत पडायचे. तो केस मडकी भाजायच्या आव्यात जळतो आणि मडक्याच्या अंगावर बारीक रेघ राहते. मक्याच्या खोऱ्यात आम्ही इतकी वर्षं मडकी नेली, मडक्याच्या बदल्यात त्यात मावेल तेवढा मका घेऊन परत आलो. तिच्या रेघा असलेली मडकी तिकडे किती चुलींवर असतील, कोण जाणे.

"ते आव्यात गेले," मी म्हणालो.

"म्हणजे पोचले. बरी हुशार बाई. दर आव्याला थोडं थोडं सामान पुढे पाठवत होती."

येनी हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मेलितोन उठायला लागला, तेवढ्यात बासिलिया म्हणाली, "आणि ह्याच्या कमरेला काय आहे?"

सगळ्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं.

"पट्टा आहे," मेलितोन माझा पोंचो वर करून तिला म्हणाला. "त्याचा आहे. तो जाळायचा तर आधी त्याला मरू दे की, मामाय."

"वरून पट्टा आहे. आतलं अस्तर माझ्या बहिणीच्या केसांचं आहे."

मेलितोनने पट्ट्याला हात लावायला पुढे केलेला हात मागे घेतला.

बेटावरची रीत आहे ती. लग्न ठरलं की मुलगी आपले केस कापते, ते वळून त्यांचं अस्तर विणते आणि वर रंगीत लोकरीचा पट्टा चढवून नवऱ्याला देते. केस लोकरीपेक्षा टणक असतात. ओझं उचलताना पाठ धरून ठेवतात. आमच्या गावात असं कोणी करत नाही. मी तिला इथे आणलं तेव्हा एकदोघांना कळलं होतं. बायकोच्या वेणीला बांधलेला कुंभार, असं ते मला म्हणायचे. ते दोघेही आता नाहीत. पाठीवर आठ आठ मडकी बांधून मी खिंड चढलो ती या पट्ट्याच्या जोरावर.

आता खरं सांगतो. ह्याची मला बासिलियाने आठवण करून द्यायची गरज नव्हती. नासारिया घरात निजवलेली होती तेव्हाच मला ते आठवलं होतं. मी गप्प राहिलो. सात दिवस पोंचो अंगावरून काढला नाही, दुपारी उन्हाने उकडलं तरी. बेटावरून कोणी आलं नाही तर बरं, असंही मनात येऊन गेलं. बासिलिया आली तेव्हा पाणी भरायला वाकलो, पोंचो वर सरकला आणि तिने पाहिलं.

"मावशी, राहू दे ना," येनी म्हणाली. "त्याच्याजवळ दुसरं काय आहे आईचं? उद्या सगळं जाळायचंच आहे."

"माझ्या मनात आलं म्हणून सांगतेय का मी? तुझ्या आईचे केस आहेत. ती येणार शोधत."

"मग येऊ दे! तिचंच घर आहे. आली तर काय बिघडलं?"

येनी माझ्या मनातलं बोलली. मला तेच हवं होतं. पट्टा कमरेला राहिला तर नासारियाला परत यावंच लागेल, आज नाही तर महिन्याने, वर्षाने. मी जागा असेन. दिसली नाही तरी दार हलेल, काहीतरी होईल. सात दिवस मी त्याच आशेवर होतो.

बासिलियाने येनीला जवळ ओढून बसवलं. बोलली मात्र माझ्याकडे बघून.

"येईल ती. पण तुमच्याकडे बघायला नाही. मेलेलं माणूस केस शोधायला येतं तेव्हा त्याला कोणी ओळखू येत नाही. खाली वाकून, हाताने जमीन चाचपत चाचपत फिरतं. ह्याच्या कमरेतले काढायला तिला जमणार नाहीत. म्हणजे रोज येणार, रोज वाकणार. इलारियो, तिचे गुडघे कसे होते ते मी सांगायला हवं का?"



तिचे गुडघे. चार खुंटांचा माग जमिनीला ठोकून त्याच्यापुढे ती जन्मभर गुडघे मोडून बसली. शेवटची दोन वर्षं तिला बसल्यावर उठता येत नव्हतं. मोठ्या रांजणाचा काठ धरायची, आणि तेही जमलं नाही की मला हाक मारायची, "इलारियो, बैल जुंप, मला ओढून काढ." मी चिखलाच्या हाताने तिला उठवायचो आणि ती झग्यावरचे डाग बघून शिव्या द्यायची.

"लोकरीचा भाग तुझा आहे," बासिलिया म्हणाली. "तो तिने तुला दिला. अस्तर तेवढं तिचं."

"वेगळं कशाला करायचं?" मेलितोन म्हणाला. "सगळाच टाकू आगीत. एकदाच काय ते."

"विणलेलं जाळायला तू विणलं होतंस का?"

"नाही बाई, मी आपला दारू पितो."

मी म्हणालो, "उद्या नदीवर काढतो." बस. एवढंच बोललो.

सकाळी गावातल्या लोकांबरोबर आम्ही नदीवर गेलो. थंडी होती, काठावर पापुद्र्यासारखं बर्फ होतं. बायकांनी कपडे धुतले. येनीने आईची निळी शाल स्वतःला ठेवली, बासिलियाने झगा घेतला. बाकीचं वाळत घातलं. मेलितोनने शेणाच्या गोवऱ्या रचून आग पेटवली.

मी पट्टा सोडला आणि विजारीला दोरी बांधली.

"कोंपाद्रे, गाठ नीट मार," मेलितोन म्हणाला. "इथे बायका आहेत. मयताला आल्या आहेत, भलतंच बघायला नाही."

बायका हसल्या. नासारिया सगळ्यात मोठ्याने हसली असती.

बासिलियाने टाके उसवायला हात पुढे केला. मी म्हणालो, "मी करतो." लोकरीसाठी पाळतो त्या लामाच्या हाडाची नासारियाची टोकदार सळई होती, जिने ती मागावर धागे सारखे करायची. तीही आगीत जायची होती. त्याआधी मी त्याच सळईने टाके उचलायला लागलो. माझी बोटं मातीतली, जाड. चाळीस वर्षं मडकी केली, पण एक टाका कधी घातला नाही. वेळ लागला.

अर्धं अस्तर सुटलं तेव्हा मी ते उजेडात धरलं. मला वाटत होतं सगळं काळं असेल, लग्नातलं. तसं नव्हतं. मधला भाग काळा होता. कडेला तपकिरी, तांबूस पडलेला. आणि खाली, जिथे ओझ्याचा दाब पडतो, तिथे हाताएवढा तुकडा जवळजवळ पांढरा होता. टाकेही वेगळे होते, नवे.

"हे कधी केलं तिने?" मी विचारलं.

येनी म्हणाली, "तू आवा लावायला जायचास तेव्हा. उकडतं म्हणून पट्टा घरी काढून ठेवायचास ना. विरलं असेल तेवढं काढायची आणि नवं विणून शिवायची. मला सांगितलं होतं, तुझ्या तायताला बोलू नको, उगाच म्हणेल केस कशाला कापतेस."

"म्हणालो असतो," मी म्हणालो.

"मग बरोबर ओळखलंन तुला," बासिलिया म्हणाली.

शेवटचा टाका सुटला. अस्तर हातात घेतलं तेव्हा ते माझ्या कमरेच्या आकारात वाकलेलंच राहिलं, सरळ होईना. ते मी स्वतः आगीवर ठेवलं. चटकन आक्रसलं. वास सगळ्यांना आला, पण कोणी नाक धरलं नाही. मेलितोनने चिचा, म्हणजे मक्याची दारू, शिंपडली, पानं टाकली आणि नासारियाला वाट सांगितली: खिंडीपर्यंत डावीकडून जा, कुत्र्यांना घाबरू नको, मागे वळू नको.

लोक कपडे गोळा करून उठायला लागले. मी पट्टा उलटा करून मांडीवर पसरला. आतल्या लोकरीत केस अडकले होते. इतक्या वर्षांच्या घामाने आणि मातीने रुतून बसलेले. एक ओढून काढला तर त्याच्याखाली दुसरा. मला जवळचं आता नीट दिसत नाही. पट्टा उन्हाला तिरका धरला की ते चमकायचे, मग बोटाने चाचपत जायचं.

"कोंपाद्रे, झालं की आता," मेलितोन म्हणाला. "दोनचार राहिले म्हणून ती काय मोजणार आहे?"

"मोजणार नाही. शोधेल."

त्याने हातातली बाटली गवतात ठेवली. मग हळूच माझ्या शेजारी बसला आणि पट्ट्याचं दुसरं टोक हातात घेतलं. बासिलिया पलीकडे बसली. "पांढरे तुम्ही बघा," ती म्हणाली, "मला फक्त काळे दिसतात." येनी आमच्या हातातले केस घेऊन आगीत टाकत होती. लोक निघून गेले. वारा सुटला. मध्येच मेलितोन म्हणाला, "हा लामाचा आहे, की तिचा?" बासिलियाने पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या दाढीचा आहे."

सूर्य कलला तेव्हा बासिलियाने पट्ट्यावरून तळहात फिरवला, आतून, मग बाहेरून. "आता एकही नाही," ती म्हणाली. मेलितोन गुडघे धरत उठला आणि बाटली शोधायला गेला. बासिलिया झगा घडी करायला लागली. येनीची पाठ माझ्याकडे होती.

मी पुन्हा एकदा स्वतः पाहिलं. काठाच्या शिवणीत एक होता. पांढरा, लांब. ओढला तसा येतच राहिला. तो मी बोटाला गुंडाळला. कोणी पाहिलं नव्हतं. मूठ मिटली असती तरी कोणाला कळलं नसतं. एकच केस. एकाच केसासाठी ती एकदाच आली असती.

आग बसत चालली होती.

"येनी," मी म्हणालो, "दोन गोवऱ्या टाक. अजून एक आहे."