भिंतीवरचा भाऊ

मी पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने लावू नयेत'च्या. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते, आणि खोटं कशाला बोला, असतोच. दिवसभर शिडीवर उन्हात उभं राहून खालून जाणाऱ्या प्रत्येकाचा फुकटचा सल्ला ऐकावा लागला, तर कुणाचंही डोकं फिरेल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लांबलचक भिंत आहे. गल्लीतल्या कुणी नाव काढलं की त्याचं चित्र त्या भिंतीवर. पोहण्याच्या शर्यती जिंकलेली मुलगी आहे, अर्ध्या गल्लीची बाळंतपणं केलेली सुईण आहे. सगळी चित्रं माझ्या हातची. यंदा पाळी माझ्याच भावाची आली, बारक्याची.

बारक्या लष्करात आचारी आहे. गल्लीतल्या टवाळांनी त्याला नाव ठेवलंय, पळीबहाद्दर. सुट्टीवर आला की न्हाव्याच्या दुकानात हमखास कुणीतरी विचारणार, काय रे, शत्रूला फोडणी दिलीस की नाही? तो त्यांच्याबरोबर हसायचा आणि घरी येऊन अर्ध्या ताटावरून उठायचा. मला ते बघवायचं नाही. एकदा मी दुकानात जाऊन त्या लोकांची चांगली हजेरी घेतली, तर बारक्या माझ्यावरच उखडला. म्हणाला, तू पडू नकोस यात.

मग गेल्या हिवाळ्यात डोंगरावरची त्यांची चौकी बर्फानं तोडली. रस्ता बंद, वर माणसं अडकलेली. हे आम्हाला बारक्यानं सांगितलं नाही. त्याच्या तुकडीतला एक मिशाळ हवालदार आमच्या शहरावरून जात होता, तो मुद्दाम घर शोधत आला. त्यानं सांगितलं की बारक्या रोज खालच्या तळावरून कमरेला दोर बांधून गरम जेवणाचा टोप घेऊन वर चढायचा. वाऱ्यात समोरचं दिसायचं नाही, पण झाकणाचा खडखडाट आला की वरच्यांना कळायचं, आजचा दिवस निघाला. एवढं बोलून तो धिप्पाड माणूस आमच्या स्वयंपाकघरात, चहाचा कप हातात धरून, लहान मुलासारखा रडला. नंतर बारक्याला शाबासकी मिळाली, पेपरात दोन ओळी आल्या. माझा ऊर इतका भरून आला होता की त्या दिवशी मी एका चपलांच्या दुकानाची पाटी फुकट रंगवून दिली.

तर चित्र. गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीत आपला खिळा ठोकायचाच. त्याचं म्हणणं, बारक्याच्या हातात बंदूक काढायची. आचारी आहे हे आपल्या घरातलं झालं, भिंतीवर कशाला? येणारेजाणारे काय म्हणतील? मी म्हटलं, येणारेजाणारे रोज जेवतातच की.

बारक्याला फोन करून मी चुलीजवळचा फोटो मागितला. त्यानं पाठवला तो बंदूक घेतलेला. बंदूक कुणाची तरी मागून घेतलेली, आणि धरलीय अशी की आता भातच ढवळायला घेईल. हात कोटाच्या लांब बाह्यांत बुडालेले. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मी पुन्हा फोन लावला आणि सांगितलं की मी टोप काढणार आहे.

मग तो म्हणाला, "ताई, टोप काढलास तर मी या सुट्टीला घरी येणार नाही."

दीड वर्षानंतर त्याला सुट्टी मिळत होती. आईनं त्याच्या खोलीतल्या गाद्या दोनदा उन्हात टाकून झाल्या होत्या. मी म्हटलं, "मी खरं तेच काढणार. तू माझा भाऊ आहेस, दुसऱ्या कुणाचा तरी पुतळा नाहीस." त्यानं फोन ठेवला.

आईला कळलं तेव्हा तिनं आकांडतांडव केलं नाही. माझ्या हट्टापायी तिचा पोरगा दारात पाऊल टाकणार नाही, एवढं म्हणाली आणि तिनं माझ्याशी अबोला धरला. ताट वाढायची, पण बोलायची नाही. तो अबोला मला फार लागला.

भिंतीवर खडूनं चौकटी आखल्या आणि खरं सांगते, पहिल्या सकाळी मी बंदूकच काढली. कोळशानं, फक्त बाहेरची रेघ. तो घरी आला पाहिजे, बाकी गेलं खड्ड्यात, असं वाटलं. मग शिडीवरून उतरून रस्त्यापलीकडे गेले आणि बघितलं. भिंतीवर एक सैनिक उभा होता, पण तो आमचा कुणी लागत नव्हता. ओल्या फडक्यानं मी ती रेघ पुसून टाकली आणि टोप काढायला घेतला.

चांगला दणदणीत टोप काढला, त्यातून निघणारी वाफ, मागे बर्फ. चेहरा फोटोवरून आला. हात फोटोत दिसत नव्हते, तेव्हा नेहमीची युक्ती केली. आम्हा पाट्यावाल्यांकडे हात दाखवत बसायला कोण येणार? आपलाच डावा हात समोर धरायचा आणि उजव्यानं काढायचा. तसंही आमची दोघांची बोटं लहानपणापासून सारखीच, लांबसडक. टोपाचे कान घट्ट पकडलेले ते दोन हात मला फार साधले होते.

सुट्टी सुरू झाली. आई प्रत्येक बसच्या वेळेला दारात जाऊन उभी राहायची. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिडीवर होते, बर्फाला शेवटचा हात देत होते. खाली हार्डवेअरवाला एकदम बोलायचा थांबला म्हणून मी वळून बघितलं.

बारक्या उभा होता. उजव्या खांद्यावर बॅग, डावा हात कोटाच्या खिशात. तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. न्हावी दुकानातून बाहेर आला, गिऱ्हाइकही अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलं. वाटलं, आता हा वळेल आणि परतीच्या बसला बसेल.

"हात चुकलाय," तो म्हणाला.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यानं खिशातला हात बाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अर्ध्यावरच संपलेली.

तो मलाच सांगत असल्यासारखा हळू बोलला. हातमोजा फाटला होता, बर्फ आत गेलं. चढावर हात सोडून चोळता आला असता, पण टोप कलंडला असता. त्या हवालदाराला त्यानंच शपथ घातली होती, घरी यातलं अक्षर काढायचं नाही म्हणून.

"खरं तेच काढणार म्हणालीस ना," तो म्हणाला. "मग हे काढ."

माझ्याखाली शिडी डुगडुगायला लागली. त्याला दोन ठेवून द्याव्यात असं वाटत होतं आणि जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि डोळ्यांतून पाणी तर असं वाहत होतं की रंगाचा डबा दिसेना. हार्डवेअरवाला घसा साफ करून म्हणाला, असू दे गं, पूर्ण हातच शोभून दिसतो. एवढ्यात शिडी डुगडुगायची थांबली. खाली बघितलं तर आई आली होती. तिनं बारक्याचा हात बघितला होता, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली होती.

मी बाहीनं डोळे पुसले. टोपाचा करडा रंग कुंचल्यावर घेतला आणि भिंतीवरची माझी ती दोन लांब बोटं अर्ध्यापर्यंत मिटवली.

"हात वर धर," मी म्हटलं. "आणि हलू नकोस."

बारक्यानं बॅग खाली ठेवली. सगळ्या गल्लीला दिसेल असा हात वर धरला, आणि माझं काम होईपर्यंत खाली घेतला नाही.